सौर पंपाच्या कंट्रोलरसाठी ८०० व्होल्ट डीसीचे २४ व्होल्ट: माझा अनुभव

सौर कृषी पंपाच्या कंट्रोलरमध्ये मोटर चालवणारा भाग वेगळा असतो, आणि आतलं कार्ड, डिस्प्ले, रिले, फॅन यांना लागणारा छोटा सप्लाय वेगळा. हा छोटा सप्लाय मी डिझाइन केला. आउटपुट २४ व्होल्ट २ अँपिअर, म्हणजे ४८ वॅट, ऐकायला किरकोळ वाटतं, पण इनपुट थेट पॅनलच्या स्ट्रिंगवरून (सिरीजमध्ये जोडलेल्या पॅनलच्या माळेवरून) घ्यायचं होतं आणि खरं काम सगळं त्या बाजूलाच आहे.

आधी जास्तीत जास्त व्होल्टेज काढलं. पॅनलच्या मागच्या स्टिकरवरचं ओपन सर्किट व्होल्टेज २५ डिग्रीचं असतं आणि पॅनल जितकं गार तितकं ते वर जातं, साधारण डिग्रीमागे ०.३ टक्के. आमची स्ट्रिंग १५ पॅनलची, प्रत्येकी ४९ व्होल्ट, म्हणजे ७३५. निफाडला थंडीत पहाटे पारा ५ डिग्रीच्या आसपास येतो, तेव्हा याचेच ७८० होतात. म्हणून ८०० धरून बसलो आणि शेवटपर्यंत हा आकडा सोडला नाही.

साधा बक (व्होल्टेज कमी करणारा, ट्रान्सफॉर्मर नसलेला कन्व्हर्टर) का नाही असं बरेच जण विचारतात. ८०० चे २४ करायचे तर ड्यूटी (प्रत्येक चक्रात स्विच चालू असण्याचा वाटा) ३ टक्के येते, ६५ किलोहर्ट्झला मॉसफेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) जेमतेम अर्धा मायक्रोसेकंद चालू, त्यात कंट्रोल नीट बसत नाही. पण माझ्या लेखी मोठं कारण वेगळंच आहे, बकमध्ये मॉसफेट शॉर्ट झाला की ८०० व्होल्ट सरळ २४ च्या लाइनवर येतात, आणि त्याच लाइनवरून टाकीच्या फ्लोट स्विचची वायर जाते जी शेतकरी ओल्या हाताने धरतो. त्यामुळे आयसोलेशन, म्हणजे इनपुट आणि आउटपुटमध्ये विजेचा थेट जोड नसणं, पाहिजेच, म्हणून ट्रान्सफॉर्मरवाला फ्लायबॅक कन्व्हर्टर.

ट्रान्सफॉर्मरच्या प्राइमरी (इनपुटकडच्या) आणि सेकंडरी (आउटपुटकडच्या) वाइंडिंगच्या वेढ्यांचं प्रमाण, म्हणजे टर्न्स रेशो, ५ ला १ ठेवला. मॉसफेट बंद झाला की सेकंडरीचे २४ अधिक डायोडचे ०.७ पाचपट होऊन प्राइमरीला १२३-१२४ दिसतात, म्हणजे मॉसफेटच्या ड्रेनवर (प्राइमरीला जोडलेल्या पायावर) ८०० नाही, ९२४ आणि वर स्पाइक, म्हणजे क्षणभराची उसळी. म्हणून १७०० व्होल्टचा सिलिकॉन कार्बाइड मॉसफेट घेतला, महाग आहे पण १२०० वाल्यात मार्जिन फारच कमी उरत होतं. आउटपुटच्या डायोडचंही तसंच, आउटपुट २४ असलं तरी त्याच्यावर उलटे १८४ व्होल्ट येतात, म्हणून ३०० व्होल्टचा अल्ट्राफास्ट.

स्पाइक कमी करायला ट्रान्सफॉर्मरच नीट गुंडाळावा लागतो, नुसता स्नबर (स्पाइक शोषून घेणारं सर्किट) मोठा करून भागत नाही, ती सगळी एनर्जी रेझिस्टरमध्ये तापत बसते. भोसरीत एका वाइंडरकडे शेजारी बसून करून घेतला: ईटीडी ३४ कोअर, खाली अर्धी प्राइमरी, टेप, त्यावर ट्रिपल इन्सुलेटेड वायरची सेकंडरी, परत टेप, वर उरलेली प्राइमरी. आधीच्या सॅम्पलमध्ये प्राइमरी सलग होती, तेव्हा ८०० ला ड्रेन ११५० पर्यंत उडत होता, सँडविच केल्यावर त्याच स्नबरवर १०४० ला थांबला. ऑसिलोस्कोपच्या स्क्रीनवर ती सुईसारखी स्पाइक खाली आलेली बघून फार बरं वाटलं.

बाकीच्या गोष्टी छोट्या पण सोडता न येणाऱ्या. १२०६ साइजचा रेझिस्टर साधारण २०० व्होल्टचाच असतो, म्हणून स्टार्टअपला, म्हणजे कंट्रोल आयसीला सुरुवातीचा सप्लाय द्यायला, पाच सिरीजमध्ये. इनपुटला ४५० व्होल्टचे १०० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर सिरीज, प्रत्येकावर २०० किलोओहम, त्याने व्होल्टेज सारखं वाटलं जातं आणि बंद केल्यावर डिस्चार्जही होतो, तरी ८०० वरून ५० च्या खाली यायला जवळजवळ एक मिनिट जातं, मीटर लावून बघितल्याशिवाय बोर्डाला हात नाही. बोर्डवर प्राइमरी-सेकंडरीमध्ये १६ मिमी क्रीपेज (बोर्डाच्या पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर), मध्ये स्लॉट, ऑप्टोकपलरही (प्रकाशातून सिग्नल पलीकडे नेणारा भाग) रुंद पायांचा. आणि लाइनला डीसी रेटिंगचाच आयसोलेटर, एसीचा एमसीबी नाही, एसीचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो म्हणून तिथे आर्क विझतो, डीसीत तो तसाच जळत राहतो.

टेस्टिंगला आधी हाय व्होल्टेज न देता यूसी ३८४४ ला (मॉसफेट चालू-बंद करणाऱ्या कंट्रोल आयसीला) बाहेरून १८ व्होल्ट देऊन गेटचे पल्स बघितले, मग करंट लिमिट लावून इनपुट हळूहळू वर नेलं. ड्रेनला डिफरन्शियल प्रोब (ग्राउंडला न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा), स्कोपची ग्राउंड क्लिप प्राइमरीला लावायचीच नाही.

लॅबमध्ये सगळं पास झालं आणि शेतात पहाटे एलईडी लुकलुकायला लागला. उजाडताना पॅनलचं व्होल्टेज दिसायला भरपूर असतं पण करंट नसतो, सप्लाय चालू होतो, करंट ओढतो, व्होल्टेज खाली बसतं, व्होल्टेज कमी झालं म्हणून तो अजून जास्त ओढतो, आणि बंद. परत तेच. यासाठी २२० ला चालू आणि १५० ला बंद असा मोठा फरक ठेवला, १५० ला ड्यूटी ४५ टक्के येते आणि ३८४४ ची मर्यादा ५० ची आहे म्हणून अजून खाली नेलं नाही. सॉफ्ट स्टार्टचा (सप्लाय हळूहळू चालू होण्याचा) वेळ वाढवला आणि फर्मवेअरवाल्याला सांगून फॅन आणि रिले पॅनलकडून येणारं व्होल्टेज स्थिर झाल्याशिवाय चालूच करायचे नाहीत असं करून घेतलं. आता ढग येऊन गेला तरी डिस्प्ले हलत नाही.