तुम्ही विचारलेत म्हणून: छोटी गाडी पुरते का?

माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून अगदी प्राथमिक गटातली, छोट्या इंजिनाची हॅचबॅक गाडी आहे आणि नवी गाडी घेण्याच्या विचारात असलेली माणसे मला हटकून एकच प्रश्न विचारतात: रोजच्या वापराला एवढी गाडी पुरते का, की थोडे जास्त पैसे घालून मोठीच घ्यावी? उभ्याउभ्या दिलेले उत्तर दरवेळी अपुरे राहते, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे. माझे मत असे की छोटी गाडी पुरते, पण काठोकाठ पुरते. तिच्यात जागा, ताकद आणि वजन या तिन्ही बाबतींत शिल्लक थोडी असते. ज्याला ही शिल्लक क्वचितच लागते, त्याच्यासाठी तिच्याइतके सोयीचे वाहन नाही. ज्याला ती वारंवार लागते, त्याला मात्र केवळ स्वस्त म्हणून घेतलेली छोटी गाडी रोज कुठे ना कुठे अडवत राहील.

बहुतेकजण सुरुवात ॲव्हरेजपासून करतात, म्हणून मीही तेथूनच करतो. लिटरमागे किती किलोमीटर या आकड्याने आपली नेहमी थोडी दिशाभूल होते. समजा, महिन्याला एक हजार किलोमीटर फिरणे होते. लिटरला 10 किलोमीटर देणाऱ्या गाडीला 100 लिटर इंधन लागेल आणि 15 किलोमीटर देणारीला सुमारे 67. म्हणजे पाच किलोमीटरच्या फरकाने 33 लिटर वाचले. आता 20 देणारी आणि 25 देणारी गाडी घ्या. फरक पुन्हा पाच किलोमीटरचाच, पण 50 लिटरच्या जागी 40 लिटर लागतात, म्हणजे बचत फक्त दहा लिटरची. अवजड गाडी सोडून छोट्या गाडीकडे येण्यात मोठी बचत आहे, हे यावरून दिसते. पण दोन छोट्या गाड्यांपैकी एक 20 देते आणि दुसरी 22, एवढ्यासाठी न आवडणारी सीट किंवा अपुरे ब्रेक पत्करण्यात काहीच शहाणपण नाही, कारण तो फरक महिन्याला साडेचार लिटरचा आहे आणि टायरमध्ये हवा कमी ठेवून किंवा थंड इंजिनावर दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारून तो सहज बुडवता येतो.

छोट्या गाडीची काटकसर कोणत्या रस्त्यावर दिसते, हेही समजून घेतलेले बरे. थांबत-निघत चालणाऱ्या रहदारीत दरवेळी गाडीचे वजन नव्याने हलवावे लागते, आणि तेथे हलकी गाडी निर्विवाद जिंकते. मोकळ्या रस्त्यावर मात्र वजनापेक्षा हवेचा विरोध महत्त्वाचा ठरतो आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 किलोमीटरवरून 100 वर गेल्यास हवेचा विरोध साधारण दीडपटीहून थोडा अधिक होतो. छोटी गाडी समोरून अरुंद असली, तरी आत माणसे सरळ बसावीत म्हणून ती आखूड आणि उंच केलेली असते. मागची बाजू एकदम कापल्यासारखी संपते आणि हवा तिच्यावरून सफाईने निसटत नाही. त्यामुळे वेग वाढवत गेल्यावर तिचा फायदा आटत जातो. ज्यांचे बहुतेक फिरणे लांबच्या आणि वेगवान रस्त्यांवरचे असते, त्यांना म्हणूनच छोटी गाडी अपेक्षेपेक्षा कमी ॲव्हरेज देते, आणि त्यात गाडीचा दोष नसतो.

आकाराचा लाभ इंधनापेक्षाही मोठा आहे, असे मी मानतो. सुमारे 3.6 मीटर लांब आणि 1.6 मीटर रुंद गाडी ज्या फटीत उभी राहते, तिथे साडेचार मीटरची गाडी उभी करायचा विचारही कुणी करत नाही. अरुंद गल्लीत समोरून वाहन आले, तर आरसे न मिटता बाजूने निघता येते आणि मागेपुढे करण्याची कसरत न करता गाडी वळवता येते. हा लाभ दिवसातून अनेकदा मिळतो आणि नेमक्या त्याच कारणाने तो लवकर विसरला जातो. जपानमध्ये तर या आकाराचा स्वतंत्र कायदेशीर वर्गच आहे. केई नावाच्या त्या गाड्यांची लांबी 3.4 मीटर, रुंदी 1.48 मीटर आणि इंजिन 660 सीसी यांच्या आत असावे लागते. एवढ्या मापातही चार माणसे नीट बसतात, कारण त्या गाड्या उंच असतात.

बाहेरून लहान आणि आतून ऐसपैस हे गणित जमवण्याचे श्रेय बहुधा ब्रिटिश अभियंते ॲलेक इसिगोनिस यांच्या मिनी या गाडीला दिले जाते. 1956 साली सुएझ कालव्यावरून झालेल्या संघर्षानंतर पेट्रोलची टंचाई झाली, त्या पार्श्वभूमीवर आखलेली ही गाडी 1959 साली बाजारात आली. जेमतेम तीन मीटर लांबीच्या त्या गाडीत इंजिन आडवे बसवले होते, ताकद पुढच्या चाकांना दिली होती आणि चाके अवघी दहा इंचांची होती. त्यामुळे लांबीचा बहुतांश भाग माणसांसाठी मोकळा राहिला. मात्र मिनीत गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली होता आणि दोघांना एकच तेल होते. आज आपण चालवतो त्या बहुतेक छोट्या गाड्यांत आडव्या इंजिनाच्या टोकाला गिअरबॉक्स असतो, आणि ही मांडणी फियाटचे अभियंते दान्ते जाकोसा यांनी 1964 च्या ऑटोबियांकी प्रिम्युला या गाडीत रूढ केली. मिनीच्या कौतुकात जाकोसांचे नाव मागे पडते, याची मला नेहमी चुटपुट लागते.

देखभालीविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण तेथे तक्रारीला जागा कमी आहे. हलक्या गाडीचे टायर लहान असतात आणि जपून चालवल्यास पुष्कळ टिकतात. मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असल्याचे ऐकून काहीजण नाक मुरडतात. पण ब्रेक दाबताच वजन पुढच्या चाकांवर येते आणि थांबवण्याचे बहुतेक काम तीच करतात, त्यामुळे हलक्या गाडीला मागचे ड्रम ब्रेक पुरेसे असतात. यंत्रणा साधी असल्याने बहुतेक मेकॅनिकना ती ठाऊक असते. शिवाय दारावर एखादा ओरखडा उठला, तर झोप उडत नाही.

उणिवांकडे येताना आधी किरकोळ गोष्टी संपवतो. या वर्गात तीन सिलिंडरचे इंजिन सर्रास असते. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँक, म्हणजे दट्ट्यांनी फिरणारा दांडा, अर्धा फेरा फिरला की एक स्फोट होतो, तीन सिलिंडरमध्ये त्यासाठी दोन-तृतीयांश फेरा जावा लागतो, आणि पुढचा व मागचा दट्ट्या इंजिनाला पुढेमागे डोलवत राहतात. त्यामुळे सिग्नलला उभे असताना स्टेअरिंगमध्ये बारीक थरथर जाणवते. ती बिघाडाची खूण नव्हे. आवाज रोखणारे अस्तर कमी असल्याने टायरची घरघर आत येते आणि मुसळधार पावसात पत्र्याच्या छपराखाली बसल्यासारखे वाटते. अवजड ट्रक शेजारून वेगाने गेला किंवा पुलावर आडवा वारा लागला, की हलकी आणि उंच गाडी थोडी सरकते. स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरण्याची सवय असली की त्याची भीती राहत नाही.

यापेक्षा खरी अडचण भरलेल्या गाडीची आहे. साडेआठशे किलोच्या गाडीत एकटा चालक बसला, तर एकूण वजन सुमारे 920 किलो होते. तीच गाडी पाच माणसे आणि सामान घेऊन निघाली, की ते 1250 किलोच्या आसपास जाते. म्हणजे त्याच इंजिनाला एकतृतीयांशाहून अधिक जादा ओझे ओढायचे असते. सतराशे किलोच्या गाडीवर तेवढीच माणसे चढली, तर वाढ पाचव्या हिश्श्याचीही होत नाही. त्यातच एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाकडूनच ताकद घेतो आणि लहान इंजिनाला तो वाटा लगेच जाणवतो. एकट्याने चालवताना चपळ वाटणारी गाडी अशा वेळी चढावर धापा टाकते आणि मग लोक म्हणतात की हिला पिकअप नाही.

टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेल्या छोट्या इंजिनाची ताकद वरच्या फेऱ्यांवर, म्हणजे इंजिन वेगाने फिरत असताना मिळते. आवाज वाढला म्हणून घाबरून वरचा गिअर टाकणारा चालक नेमकी तीच ताकद वापरायची सोडून देतो. चढ सुरू होण्याआधीच एक गिअर खाली आणावा, आवाज सहन करावा आणि गरज पडल्यास तेवढ्यापुरता एसी बंद करावा. ओव्हरटेक करताना तर मी यापुढे जाऊन म्हणेन की भरलेल्या छोट्या गाडीने समोरचा रस्ता निम्मा नव्हे, पूर्ण दिसत असल्याशिवाय बाहेर पडूच नये, कारण विरुद्ध मार्गिकेत घालवायचा वेळ मोठ्या गाडीपेक्षा बराच जास्त असतो आणि मध्येच संकट दिसले, तर वेग आणखी वाढवून निसटण्याची सोय नसते. थांबायलाही अंतर अधिक ठेवावे. दाराच्या चौकटीवरील पट्टीवर टायरच्या हवेचे बहुधा दोन आकडे असतात, एक रोजचा आणि दुसरा पूर्ण भाराचा. हा दुसरा आकडा वाचणारे मला फार थोडे भेटले आहेत.

चालकाच्या कौशल्याने भरून न निघणारी उणीव एकच आहे, आणि ती म्हणजे टकरीच्या वेळी वजन कमी असणे. 900 किलोची आणि 1800 किलोची अशा दोन गाड्या प्रत्येकी ताशी 50 किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या असे धरा. संवेगाच्या, म्हणजे वजन आणि वेग यांच्या गुणाकाराच्या, नियमानुसार दोन्ही मिळून जड गाडीच्या दिशेने सुमारे 17 किलोमीटर वेगाने पुढे जातील. जड गाडीच्या वेगात 33 किलोमीटरचा बदल होईल, तर हलक्या गाडीतल्या माणसांना त्याच क्षणी 67 किलोमीटरचा बदल सोसावा लागेल. सुरक्षा-चाचणीतील तारे हे अंतर मिटवत नाहीत. गाड्यांची सुरक्षा-चाचणी घेणाऱ्या युरो एनकॅपसारख्या संस्था स्वतःच सांगतात की एका वजनगटातील गाडीचे तारे दुसऱ्या गटातील गाडीशी ताडून पाहू नयेत. छोट्या गाडीचे पाच तारे आणि मोठ्या गाडीचे पाच तारे यांचा अर्थ एक नसतो, ही गोष्ट विक्रेता सांगणार नाही म्हणून मी मुद्दाम सांगतो.

तरीही मी छोटी गाडी वापरतो, यामागे विचार आहे. खांबावर किंवा भिंतीवर आदळताना जास्त वजनाचा असा फायदा होत नाही. तेथे पुढचा भाग किती शहाणपणाने चुरगळतो आणि माणसांभोवतीचा सांगाडा किती शाबूत राहतो, हे महत्त्वाचे असते, आणि नीट बांधलेल्या छोट्या गाडीला ते साधते. पादचाऱ्याच्या दृष्टीने बुटके बॉनेट उंच, उभ्या नाकापेक्षा कमी घातक असते. अपघातच टाळणारी उपकरणेही आता या आकारात मिळतात. 1997 साली एका स्वीडिश नियतकालिकाने घेतलेल्या चाचणीत मर्सिडीजची छोटी आणि उंच ए-क्लास गाडी अचानक वळवताना उलटली, तेव्हा कंपनीने त्या गाडीत इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रण, म्हणजे गाडी घसरू लागताच एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा, सरसकट बसवायला घेतले. तोवर ते महागड्या गाड्यांपुरते होते. उंच छोट्या गाडीला त्याची गरज आलिशान गाडीपेक्षा अधिक आहे.

मागच्या सीटविषयीही विचारले जाते. तेथे दोन प्रौढ माणसे आरामात बसतात. तिसरे बसले, तर तिघांचे खांदे एकमेकांवर येतात आणि तासाभरात संभाषण थांबते. डिकीत आठवड्याचा बाजार मावतो, दोन मोठ्या बॅगा मावत नाहीत. मागची सीट दोन भागांत दुमडणारी असेल, तर ही अडचण पुष्कळ हलकी होते, पण प्राथमिक मॉडेलमध्ये ती बहुधा अखंड असते. मागचा वायपर, वरखाली होणारी चालकाची सीट, उंची बदलता येणारे हेडरेस्ट याच गोष्टींवर कंपन्या खर्च वाचवतात. सर्वांत स्वस्त मॉडेल घेऊन बाहेरून भपका चढवण्यापेक्षा मधले मॉडेल घ्यावे, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

तेव्हा घरात रोज चारपाच प्रौढ एकत्र प्रवास करत असतील, महिन्यातून अनेकदा भरल्या गाडीने चढाचे रस्ते कापायचे असतील किंवा कामाच्या निमित्ताने वेगवान महामार्गावरच बहुतेक वेळ जात असेल, तर छोटी गाडी घेऊ नका. एकदोघांचे रोजचे जाणे-येणे आणि वर्षातून मोजक्या वेळी कुटुंबासह लांबचा प्रवास असे असेल, तर छोटी गाडी घ्या आणि त्या मोजक्या प्रवासांना मोठे वाहन भाड्याने घ्या. मी स्वतः पुढची गाडीही याच आकाराची घेणार आहे. मात्र स्थैर्य नियंत्रण, बाजूच्या एअरबॅग आणि मागच्या मधल्या जागेलाही खांद्यावरून येणारा पट्टा या तिन्हींपैकी एक जरी गोष्ट नसेल, तर ते मॉडेल ॲव्हरेज कितीही देत असले तरी मी पाहायलाही जाणार नाही.