सापशिडीचा तास

टीवायच्या वर्गाला इंग्रज कादंबरीकार डेव्हिड लॉज शिकवायचा होता. कॉलेज वसईतलं, निम्मी मुलं कॅथलिक, आणि १९८० च्या 'हाउ फार कॅन यू गो?' या कादंबरीत पाप, पोप, कुटुंबनियोजन, कशाचीच गय केलेली नाही. "मॅडम, जरा जपून," असं एक सहकारी म्हणालेही.

१९५२ साली लंडनमध्ये सकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जमणारी कॉलेजची मुलं पुढे संसारात पडतात, त्यांची ही गोष्ट. लॉज आधी त्यांच्या डोक्यातलं जग मांडतो: वर स्वर्ग, खाली नरक आणि खेळ सापशिडीचा.

"मॅडम, हा तर मोक्षपट!" मागून एकजण ओरडला. ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगतात तो.

मग काय, मी फळ्यावर चौकोन आखले आणि तास पोरांच्या ताब्यात गेला. रविवारची मिस्सा बुडवली, साप. उपासकाळात शुक्रवारी मटण, मोठा साप. "आणि सुके बोंबील?" "मासे चालतात रे!" कन्फेशन, म्हणजे फादरपुढे पापाची कबुली, ही शिडी. "तेच पाप परत केलं तर?" "परत शिडी. फादर कंटाळेपर्यंत." बाकीची मुलं मात्र आपण हसावं की नाही, या विचारात एकमेकांकडे बघत होती. खिदळत होती ती कॅथलिकच. साठच्या दशकात कधीतरी नरक नाहीसा झाला, असं लॉज सांगतो तिथे एकीने हात वर केला, "आमच्या आजीला अजून कळलेलं नाही."

पुढे १९६८ येतं. पोपच्याच आयोगातल्या बहुसंख्यांना गर्भनिरोधनावरची बंदी सैल व्हायला हवी होती. पोप सहावे पॉल यांनी ती कायम ठेवली. इथे लॉज गोष्ट थांबवून थेट वाचकाशी बोलतो. मला तो सगळ्यात आवडतो तो इथेच. स्वतः कॅथलिक असल्यामुळे त्याला नियमाचा जाच आतून माहीत होता. थर्मामीटर आणि तक्ते घेऊन गर्भ न राहण्याचे दिवस मोजणाऱ्या त्याच्या जोडप्यांना आपण हसतो, आणि त्यातल्याच एका घरात एक मुलगी गाडीखाली जाते. वर्ग गप्प झाला.

"ताईलाही लग्नाआधीच्या शिबिरात तसाच तक्ता दिला होता," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. "सगळे हसले."

"फादरांसमोर?"

"फादर नंतर हसले. आधी शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईच हसल्या. त्यांना पाच मुलं आहेत."