टिंबांऐवजी चौकोन: परक्या प्रजातींच्या नोंदींचा नवा हिशेब

बाहेरून येऊन पसरणाऱ्या वनस्पती-प्राण्यांच्या नोंदी ठेवण्याच्या माझ्या कामात मागच्या वेळेपासून बदल एकच, पण मोठा. दिसेल तिथे फोटो काढून नकाशावर टिंबं वाढवत बसणं कमी केलंय आणि आखलेले चौकोन एकेक करून तपासायला घेतलेत. आयनॅचरलिस्टवरची (दिसलेल्या जिवांचे फोटो जागेसह नोंदवायचं ॲप) माझी नोंदसंख्या त्यामुळे फारशी पुढे सरकलेली नाही. पण आधी ज्या नकाशाकडे पाहून फक्त 'बरंच पसरलंय' एवढंच म्हणता यायचं, त्याच्याबद्दल आता थोडं नेमकं बोलता येतं.

निमित्त झालं गाजरगवताचं. जीबीआयएफ या जगभरच्या जीवनोंदींच्या खुल्या साठ्यावरून माझ्या पट्ट्यातल्या सगळ्या नोंदी उतरवल्या आणि त्यांच्याखाली रस्त्यांचा थर ठेवला. बघावं तर सगळं गाजरगवत रस्त्याकडेला! आता हे झाड रस्त्याकडेला जोमाने वाढतं हे खरंच आहे. गाड्यांच्या चाकांना लागलेल्या मातीतून आणि भरावाच्या मुरमातून त्याचं बी फिरतं. पण नोंद करणारी माणसंही रस्त्यानेच जातात. नुसत्या टिंबांवरून या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत.

त्यावर एक साधी युक्ती आहे. क्यूजीआयएस या नकाशाच्या संगणकप्रणालीत एक किलोमीटर बाजूचे चौकोन आखायचे आणि प्रत्येक चौकोनातली टिंबं दोनदा मोजायची: एकदा फक्त गाजरगवताची, एकदा सगळ्या वनस्पतींची. मग चौकोनांचे तीन गट पडतात. जिथे गाजरगवत नोंदलेलं आहे ते सरळच. जिथे कुठल्याच वनस्पतीची नोंद नाही, तिथे गाजरगवत नाही असं म्हणण्यात अर्थ नाही, तिथे कोणी नोंद घ्यायला फिरकलेलंच नाही. आणि तिसरा गट माझ्या आवडीचा: इतर वनस्पतींच्या नोंदी भरपूर, पण गाजरगवताची एकही नाही. तिथे ते खरंच नसेल, किंवा 'हे काय, सगळीकडेच असतं' म्हणून कोणी फोटो काढायचे कष्ट घेतले नसतील. दुसरी शक्यता आपल्यासारख्या हौशी लोकांत फार मोठी असते. दुर्मीळ आमरी (ऑर्किड) दिसली की पाच जण गुडघ्यावर बसतात, घाणेरीच्या जाळीकडे कोणी वळूनही बघत नाही.

म्हणून सध्या तिसऱ्या गटातले चौकोन आधी घेतेय. नियम मुद्दाम बाळबोध ठेवलेत. प्रत्येक चौकोनात 20 मिनिटं चालायचं, रस्ता, पाण्याचा काठ, पडीक जमीन आणि झाडीची कड यांपैकी जे जे असेल तिथे थोडा थोडा वेळ द्यायचा, आणि ठरलेल्या यादीतल्या प्रजातीच शोधायच्या. वेळ संपली की थांबायचं, समोर कितीही मजेदार काही दिसत असलं तरी. (हा शेवटचा नियम पाळायला सगळ्यात अवघड.)

अडचण अशी की आयनॅचरलिस्टमध्ये 'गेले, शोधलं, नाही सापडलं' हे लिहायला जागाच नाही. ते दिसलेल्या जिवांसाठी बनलंय. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाने 2005 मध्ये सुरू केलेल्या एडमॅप्समध्ये नकारात्मक पाहणी नोंदवता येते, कारण ती व्यवस्था पहिल्यापासून आक्रमक प्रजातींसाठीच आहे. जीबीआयएफमध्येही अशा नोंदी राहू शकतात, फक्त तिथला शोध मुळात 'हजर' नोंदीच दाखवतो. 'गैरहजर' बघायच्या तर फिल्टर स्वतः बदलावा लागतो. मी तूर्त साध्या तक्त्यात लिहून ठेवतेय, पण स्तंभांची नावं डार्विन कोअर या जीवनोंदींच्या सामायिक नमुन्यातलीच घेतलीत: ऑकरन्सस्टेटस (हजर की गैरहजर), इव्हेंटडेट (तारीख), सॅम्पलिंगप्रोटोकॉल (पाहणीची पद्धत), सॅम्पलिंगएफर्ट (किती वेळ शोधलं). स्वतःची नावं पाडली की पुढे दुसऱ्याच्या तक्त्याशी जुळवताना जीव जातो.

'नाही' लिहिताना मात्र हात आखडता ठेवलेला बरा. वर्षायू तणाचं 'नाही' त्या तारखेपुरतंच असतं. गाजरगवताचं बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि ओल मिळाली की उगवतं. त्याच कारणाने पहिल्या नोंदीची तारीख म्हणजे प्रजाती आली ती तारीख, असं मी कधीच धरत नाही. बऱ्याच आक्रमक वनस्पती आल्यावर बराच काळ गप्प बसतात आणि मग एकदम फोफावतात. ती पहिली नोंद बहुतेक वेळा फोफावण्याची असते, येण्याची नव्हे.

आता यादीबद्दल. आयनॅचरलिस्ट एखाद्या जागी बाहेरून आलेल्या प्रजातीला खूण लावतं, आणि पुष्कळ जण त्या खुणेला 'आक्रमक' समजून सगळं उचलतात. ते काही खरं नाही. आयपीबीईएस या जैवविविधतेवरच्या आंतरराष्ट्रीय मंचाच्या 2023 च्या अहवालात माणसाने इकडून तिकडे नेऊन स्थिरावलेल्या प्रजाती 37,000 हून अधिक सांगितल्यात, आणि त्यांतल्या घातक ठरलेल्या 3,500 हून अधिक. म्हणजे साधारण दहात एक. बाकीच्या परक्या असून निमूट राहतात. खूण लागलेलं सगळं गोळा केलं, तर बागेतल्या शोभेच्या झाडांचीच वही तयार होते.

उलट बाजूही तेवढीच गमतीची. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या तज्ज्ञगटाने 2000 मध्ये जगातल्या शंभर सगळ्यात उपद्रवी आक्रमक प्रजातींची यादी काढली. तिच्यात घाणेरी, रानमोडी, जलपर्णी, सुबाभूळ या ओळखीच्या मंडळींबरोबर आपली साळुंकी आणि लालबुड्या बुलबुलही बसलेत! ऑस्ट्रेलियात किंवा पॅसिफिकमधल्या बेटांवर साळुंकीची नोंद करणारा माणूस आपण घाणेरीकडे बघतो तसाच तिच्याकडे बघत असणार. म्हणून यादी नेहमी त्या जागेची हवी. मी परक्या प्रजातींच्या देशवार याद्या देणाऱ्या जीआरआयआयएस या नोंदवहीपासून सुरुवात केली, त्यात प्रत्यक्ष पसरताना दिसणाऱ्याच प्रजाती ठेवल्या, बाकी गाळल्या. लहान यादी जास्त उपयोगी, असं माझं मत आता पक्कं झालंय. 20 मिनिटांत माणूस चाळीस प्रजाती शोधू शकत नाही.

नावांचा घोळ लवकर उरकते. जलपर्णी 2018 पासून आयकॉर्निया सोडून पोंटेडेरियात गेली, हिप्टिस या तणाची मेसोस्फेरम झाली, आफ्रिकन गोगलगाय अकॅटिना आता लिसअकॅटिना आहे. जुन्या नावाने मजकूर शोधत बसू नका. जीबीआयएफमध्ये प्रजातीच्या क्रमांकाने शोधलं की समानार्थी नावंही बरोबर येतात.

ओळख पटवण्यात मात्र खरा वेळ जातोय, आणि जावा. ॲपने सुचवलेलं नाव फुललेल्या घाणेरीसाठी उत्तम चालतं, पण जमिनीलगतच्या कोवळ्या पानांच्या चकतीसाठी मी त्यावर एक पैसाही लावणार नाही. गाजरगवताची पानं आणि रॅगवीड या दुसऱ्या तणाची पानं कोवळेपणी एकमेकांसारखी, तशीच कातरलेली. फरक खोडावर दिसतो: रॅगवीडची खालची पानं समोरासमोर येतात, गाजरगवताची एकाआड एक. त्यामुळे नुसता वरून काढलेला फोटो असेल तर मी वंशापाशी किंवा कुळापाशीच थांबते. रानमोडीसाठी पानाची मागची बाजू हवीच. देठापाशी तीन ठळक शिरा त्रिशूळासारख्या फुटतात, त्या एकदा डोळ्यात बसल्या की लांबूनही चुकत नाहीत.

पाण्यावरचं सगळ्यात फसवं. जलपर्णीचे फुगीर देठ सगळ्यांना माहीत आहेत, पण दाट गर्दीत तेच देठ लांब आणि सडपातळ होतात, मग लोक भलतंच नाव देतात. साल्व्हिनिया या पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्यासाठी तर भिंगच लागतं: पानावरचे केस टोकाशी पुन्हा जुळून अंडी फेटण्याच्या यंत्रासारखा पिंजरा करत असतील तर ती मोलेस्टा प्रजाती, टोकं मोकळी असतील तर मिनिमा. हा एक फोटो नसेल तर बाकीचे दहा असून उपयोग नाही.

गोगलगायींसाठी हातमोजे घालाच. आफ्रिकन गोगलगाय उंदरांच्या फुप्फुसातल्या अँजिओस्ट्राँगिलस या कृमीची वाहक असू शकते आणि तो माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो. शंख उलटा करून तोंडाच्या आतला मधला दांडा टिपा. तो खाली एकदम तोडल्यासारखा संपतो. पिल्लांच्या ओळखीत ही खूण कामाला येते, पट्टे नेहमीच स्पष्ट नसतात.

दुसऱ्यांच्या नोंदी चाळताना दोन गोष्टी सतत खटकतात, आणि दोन्हींवर उपाय एका मिनिटाचा आहे. पहिली, लपवलेली जागा. घराजवळची नोंद म्हणून काही जण ठिकाण धूसर करतात, तेव्हा आयनॅचरलिस्ट ते 0.2 अंशाच्या चौकोनात कुठेतरी टाकतं. विषुववृत्तापाशी त्या चौकोनाची बाजू 22 किलोमीटरच्या आसपास भरते. माझ्या एक किलोमीटरच्या जाळीत अशी नोंद कुठे बसवणार? घराचा कोपरा सांगायचा नसेल तर पुढच्या वळणावरचं तेच तण टिपा आणि जागा उघडी ठेवा. दुसरी, परवाना. 'सर्व हक्क राखीव' ठेवलेली नोंद कितीही चांगली असली तरी जीबीआयएफपर्यंत जात नाही. सीसी झिरो, सीसी बाय किंवा सीसी बाय एनसी या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्यांतला एक लागतो.

बागेच्या कुंपणाचा, म्हणजे लावलेलं कुठे संपतं आणि रानटी कुठे सुरू होतं याचा, प्रश्न अजून सुटलेला नाही. लावलेलं झाड आयनॅचरलिस्टवर 'कॅज्युअल' (संशोधनासाठी न धरलेलं) होतं आणि त्याची नोंद पुढे जात नाही, हे योग्यच. पण नर्सरीवाले वेडेलिया म्हणून देतात ते पिवळ्या फुलांचं पसरं घ्या. छाटणीचा कचरा बाहेर टाकला की कांड्यांना मुळं फुटून ते ओढ्याच्या काठाने चालू लागतं. आतलं लावलेलं, बाहेरचं रानटी, आणि दोन्ही एकाच वेलाचे. मी सध्या कुंपणाबाहेरच्या भागाची वेगळी नोंद करते, फोटोत कुंपण येईल असं बघते आणि टिपणीत अंतर लिहिते. ओळख देणाऱ्यांपैकी काहींना हे पटतं, काही जण तरीही 'लावलेलं' असं मत देऊन जातात. यावर कोणाकडे बरी पद्धत असेल तर ती मला हवी आहे.

पुढच्या टप्प्यात दुसऱ्या गटातले, म्हणजे पूर्ण कोरे चौकोन घेणार आहे, आणि ओढ्यांना लागून असलेले आधी, कारण जलपर्णी, वेडेलिया आणि रानमोडी तिन्ही त्या वाटेने खाली उतरतात. वरच्या अंगाला एखादा ठिपका सापडला तर तो लहान असतानाच उपटता येतो. जाळीची फाइल आणि रिकामा तक्ता मागेल त्याला देते. तुमच्या पट्ट्यात काम करत असाल तर चौकोनाची बाजू आणि स्तंभांची नावं हीच ठेवा, म्हणजे दोन्ही तक्ते सरळ एकाखाली एक लावता येतील.