गॅस म्हणून सोडू नका, छातीचा पडदाही पाहून घ्या

माह्या चुलतभावाले कित्येक वर्षं जेवल्यावर डाव्या छातीत दाटून यायचं, सोयाबीनचं पोतं उचललं का दम लागायचा, अन् गावात सगळे म्हणत गॅस हाय बाप्पा, ओवा खा. मागच्या हंगामात उलट्या थांबेचनात, नागपूरले सीटी स्कॅन केला तं समजलं का जठर अन् मोठ्या आतड्याचा भाग छातीत चढून बसला होता.

पोट अन् छातीच्या मधात स्नायूचा पडदा असते, भावाच्या पडद्याले जन्मापासूनच मागून भोक होतं. याले बोखडालेक हर्निया म्हणतात, बहुतेक वेळा डावीकडं असते, अन् काही जणांत मोठेपणीच सापडते. जड उचलणं, जोराचा खोकला, गरोदरपण, पोटातला दाब वाढला का आतडं वर सरकते. जठराले पीळ बसला किंवा आतडं त्या भोकात आवळलं तं रक्तपुरवठा तुटते, आतडं काळं पडते, फुटते, अन् मंग जिवावर बेतते.

दुसरी भीती एक्स-रेची. छातीत हवा-पाणी दिसते म्हणून कधीकधी फुप्फुसाचा आजार समजून छातीत नळी टाकतात, अन् ती सरळ वर चढलेल्या जठरात घुसू शकते! शंका असंन तं आधी सीटीचं विचारा, मले हे लय कळकळीनं सांगावं वाटते.

भावाचं ऑपरेशन झालं, आतडं खाली घेतलं, भोक शिवून जाळी लावली.

घरात कोणाले अचानक छाती-पोट दुखून उलट्या लागल्या, गॅस सरणं बंद झालं तं सकाळच्या एसटीची वाट पाहू नका, रात्रीच गाडी करा.