ग्रॅनाइटचे काप, प्रोब आणि माझी वाया गेलेली सकाळ

पुण्यात वाढलेल्या मुलीला दगड म्हटलं की काळा कातळच आठवतो. त्यामुळे एमएस्सीच्या प्रबंधासाठी सरांनी क्लोजपेट ग्रॅनाइट दिला, तेव्हा रामनगरच्या टेकड्यांवर मी फेल्डस्पारचे गुलाबी, बोटाच्या पेराएवढे स्फटिकच बघत बसले. हा ग्रॅनाइट कर्नाटकात उत्तर-दक्षिण सुमारे 400 किलोमीटर पसरलाय, वय 250 कोटी वर्षांच्या आसपास. दक्षिणेला त्याचा खोलवरचा भाग उघडा पडलाय, उत्तरेला वरचा. शिलारस कुठून आला आणि किती खोलीवर गोठला, हे खनिजांच्या रसायनावरून शोधायचं, "एवढंच" काम. 'एवढंच' हा शब्द सरांचा.

दगड कापून, घासून 0.03 मिलिमीटरचे काप केले, त्यावर कार्बनचा थर दिला. प्रोबचा, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून खनिजातल्या एकेका बिंदूचं रसायन मोजणाऱ्या यंत्राचा, स्लॉट महिनोन्‌महिने मिळेना. मिळाला तो दुसऱ्या शहरात, दोन दिवसांचा.

पहिल्या दिवशी सकाळी मी बायोटाइटवर, म्हणजे काळ्या अभ्रकावर, तुटून पडले. त्यात ॲल्युमिनियम भरपूर निघालं तर गाळाचे खडक वितळून झालेल्या ग्रॅनाइटचा संशय घ्यायचा, मॅग्नेशियम जास्त असेल तर प्रावरणातून आलेल्या शिलारसाचा हात असू शकतो. जेवायच्या सुट्टीपर्यंत वीसेक बिंदू झाले. आकडे पाहिले आणि घास घशाखाली उतरेना. ताज्या बायोटाइटमधल्या सगळ्या ऑक्साइडांच्या टक्क्यांची बेरीज 95-96 येते (त्यातलं पाणी प्रोब मोजत नाही), पोटॅशियम ऑक्साइड 9 टक्क्यांच्या वर. माझी बेरीज 90च्या आसपास आणि पोटॅशियम 5. ऑपरेटरने शांतपणे कण मोठा करून दाखवला. तपकिरी कणात, अभ्रकाचे पापुद्रे सुटतात त्या रेघांमधून हिरवट पट्टे शिरले होते. क्लोराइट, बायोटाइट बिघडून होणारं हिरवं खनिज! शिलारस गोठल्यावर केव्हातरी फिरलेल्या गरम पाण्याने बायोटाइटमधलं पोटॅशियम धुऊन नेलं होतं, आणि मी त्या पाण्याचीच मोजणी करत बसले होते. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हा हिरवा रंग मी आठवडाभर आधी पाहिला होता, 'छान दिसतोय' म्हणून फोटोही काढला होता.

उरलेल्या वेळात बिंदू कमी, पण निवडून घेतले. खरी कसोटी हॉर्नब्लेंड या गडद खनिजाची. दाब जास्त तसं त्यात ॲल्युमिनियम जास्त शिरतं; श्मिट या संशोधकांचं दाब काढायचं 1992 चं सूत्र त्यावरच उभं आहे. पण खनिजाच्या रासायनिक सूत्रातल्या ॲल्युमिनियमच्या अणूंचा आकडा 0.1 ने चुकला तरी दाब जवळपास अर्धा किलोबार सरकतो, म्हणजे खोली पावणेदोन किलोमीटर. आणि हे सूत्र लागतं ते कणाच्या कडेला, जिथे क्वार्ट्झ, दोन्ही फेल्डस्पार, बायोटाइट वगैरे मंडळी शेवटच्या शिलारसाच्या सोबतीला होती तिथे. गाभा आधी वाढलेला, त्याची गोष्ट वेगळी. घाईत सगळ्या बिंदूंची सरासरी काढायचा मोह मला झाला होता, खोटं कशाला सांगू! मग कडा आणि गाभा वेगळ्या रकान्यांत टाकले. प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पारचं उलट: तिथे मला गाभाही हवा होता, कारण गाभ्याकडून कडेकडे कॅल्शियम कसं कमी होत जातं त्यावरून शिलारस निवत गेल्याचा क्रम दिसतो.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी तक्ते उलटेच ठेवले. म्हणाले, "आकडे राहू देत, बिंदू कुठे घेतलेस ते दाखव." मी क्लोराइटवाला फोटो काढून आधी तोच पुढे केला.