ऊन पाण्याच्या कुंडावर जाताना थर्मामीटर न्या

दिवाळी उलटून बडोद्याची हवा जरा बोचरी झाली की घरोघरी टुव्याच्या ऊन पाण्याच्या कुंडांवर जायचा बेत निघतो. टुवा गोध्र्याजवळ, आणंद-गोध्रा रेल्वेमार्गावर. अशीच कुंडं खेडा जिल्ह्यात लसुंद्र्याला आहेत आणि लांब जायची तयारी असेल तर दक्षिणेला उनाई, गायकवाडी राज्यात टाकलेल्या बिलीमोरा-वघई छोट्या लाइनवर. सीतामाईनं तिथं स्नान केलं आणि "हूं न्हाई" म्हणाली, त्यावरून उनाई, असं तिकडे सांगतात. मराठी कानाला मात्र त्यात आपलं 'ऊन' आधी ऐकू येतं. कोकणातली उन्हेरे, उन्हवरे आणि राजापूरजवळचं उन्हाळे ही नावं आठवून बघा.

या पाण्याखाली ज्वालामुखी वगैरे काही नाही. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरतं, दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंशांनी तापतं आणि एखाद्या मोठ्या भेगेतून, निवायच्या आत, वर येतं. वाटेत खडकातले क्षार उचलतं. गंधकाचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा.

आता मुद्द्याचं. जितकं कढत तितका गुण जास्त, हा समज साफ चुकीचा आहे. सांध्यांना आराम मिळतो तो मुख्यतः उबेमुळे आणि पाण्यात अंगाचा भार हलका होतो म्हणून. त्यासाठी 37 ते 40 अंश भरपूर झाले. 50 अंशांच्या पाण्यात काही मिनिटांत कातडी भाजते, 60 अंशांना पाचेक सेकंद पुरतात. एकाच ठिकाणच्या दोन कुंडांत बराच फरक असू शकतो, त्यामुळे शेजारचा माणूस उतरला म्हणून आपण उतरू नये. हाताचा तळवा राठ असतो, तो फसवतो. कोपर बुडवून बघावं. त्याहून बरं म्हणजे प्रयोगशाळेत वापरतात तो 110 अंशांपर्यंतचा काचेचा थर्मामीटर नेणं, शाळा-कॉलेजचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. ताप मोजायचा नेऊ नका. त्याची पट्टी 42 ला संपते आणि पाऱ्याचा असेल तर फुटतो.

पाणी फार गरम असेल तर बादलीत घेऊन विसण घाला. कुंडाचं पाणी 50 आणि साधं 25 अंश असेल, तर तीन तांबे गरम नि दोन तांबे गार मिळून बरोबर 40 होतं. गुडघे दुखणाऱ्या आजींना पायऱ्या उतरवण्यापेक्षा काठावर खुर्ची टाकून घंगाळात पाय सोडायला सांगणं कधीही चांगलं.

सकाळी शेव-उसळ हाणून थेट कुंडात शिरू नका, मध्ये तासभर जाऊ द्या. पहिल्या खेपेला दहा मिनिटं, फार तर पंधरा. उबेनं रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, आणि माणूस ताडकन उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी येते. कुंडावरचे बरेच अपघात याच क्षणी होतात, त्यात पायऱ्या शेवाळलेल्या. आधी काठावर बसायचं, मिनिटभरानं उठायचं, मग दोन पेले पाणी. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच जा. गरोदर बायकांनी आणि मधुमेहानं पावलं बधिर झालेल्यांनी कढत पाणी टाळावंच. बधिर पायाला भाजल्याचं कळत नाही, घरी येऊन फोड दिसतो.

डुबकी मारायचा मोह आवरा. कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो. नाकावाटे तो मेंदूत पोचला तर माणूस सहसा वाचत नाही. प्रकार अगदी विरळा, पण नाक पाण्याबाहेर ठेवायला कष्ट ते काय पडतात? पाणी बाटलीत भरून 'पोटाला चांगलं' म्हणून पिऊही नका. अशा पाण्यात फ्लोराइड बरेचदा जास्त असतं.

गजकर्ण, खरूज कुंडानं जाते असं गावोगाव ऐकू येतं. जात नाही, उलट पंचा एकच असेल तर घरभर पसरते. त्यासाठी मलम लावावं आणि बरं होईपर्यंत सार्वजनिक कुंडात उतरू नये. जत्रेच्या दिवशी तर निरोगी माणसानंही लांबूनच नमस्कार करावा, पाणी गढूळ झालेलं असतं.

आणि हो, जोडवी-पैंजण घरी ठेवून जा. गंधकानं चांदी बघता बघता काळी पडते. राहिलीच पायात, तर भांड्यात अॅल्युमिनियमची फॉइल अंथरा, वर जोडवी ठेवा, पेलाभर कडकडीत पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून ओता. जोडवी फॉइलला टेकलेली हवीत, नाहीतर काही होत नाही. पाचेक मिनिटांत चांदी उजळते. ऑक्सिडाइज्ड दागिने मात्र त्यात टाकू नका, मुद्दाम दिलेला काळेपणाही निघून जातो.