पिकअपचा डाला रिकामा दिसतो म्हणून भरू नका भाऊ

मागच्या उन्हाळ्यात कन्हानच्या बाजूने घरच्या कामासाठी रेती आणायची होती, म्हटलं अर्धा ब्रास तर आहे, आपल्या पिकअपमधे आरामात बसते. बसली पण! डाला काठोकाठ सुद्धा भरला नव्हता. पण मागचे पाटे (स्प्रिंगा) पार सरळ झाले, टायर दबले अन् स्टेअरिंग असं हलकं लागत होतं की पुढची चाकं जमिनीवर आहेत का नाही तेच कळेना. कामठी रोडवर एकदा ब्रेक मारला तर गाडी थांबता थांबेना, घामच फुटला राजेहो.

घरी येऊन आरसी काढली. लेडन (मालासकट जास्तीत जास्त वजन) 2990, अनलेडन (रिकाम्या गाडीचं) 1690, म्हणजे भरायला 1300 किलो, अन् त्यातच मी नि हेल्पर, दोघांचे दीडशेक किलो पकडा, मग मालाला उरले साडेअकराशे. सिमेंटच्या 50 किलोवाल्या 23 गोण्या, बस. आता ब्रास म्हणजे 100 घनफूट, अर्धा ब्रास सुकी रेतीच सव्वादोन टनाच्या आसपास जाते, ओली असली तर अजून जास्त. म्हणजे मी जवळपास डबल भरून आणली होती! जागा किती आहे त्याच्यावर वजन ठरत नाही, कुटाराने (भुशाने) डाला वरपर्यंत भरला तरी गाडीला काही होत नाही.

जड माल मी आता केबिनला चिकटवून ठेवतो, मागच्या फाळक्याकडे नाही. ओव्हरलोड पकडलं तर दंड 20,000 रुपये, वरून जादा टनामागे 2,000 वेगळे, अन् जास्तीचा माल तिथंच उतरवा म्हणतात. रेती आता दोन खेपांत आणतो, डिझेल जळलं तर जळलं.